पक्कड देण्याआधी

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ट्रे पडला.

स्टीलचा ट्रे, त्यात पक्कड, तोंडात घालायचा छोटा आरसा, दोन चिमटे आणि एक वाटी. फरशीवर आदळल्याचा आवाज बाहेरच्या काउंटरपर्यंत गेला आणि तिथे पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी आपला दुखरा गाल घाईघाईने झाकून घेतला. आत खुर्चीत आडवी असलेली चौदा वर्षांची मुलगी दचकून अर्धी उठली. तिच्या तोंडात मोठ्या डॉक्टरांच्या डाव्या हाताची दोन बोटे होती. ती त्यांनी सावकाश बाहेर काढली. उजवा हात मात्र तसाच राहिला, तळवा वर करून मागे पसरलेला. त्या तळव्यावर त्या क्षणी पक्कड यायला हवी होती, आणि ती द्यायचे काम सिस्टरचे होते.

सिस्टर वाकून फरशीवरची वाटी उचलत होती.

"कोपर लागलं," ती म्हणाली.

कोपर लागले नव्हते. तिने ट्रे ढकलला होता.

"मला वाटलं, टायर फुटला," कोपऱ्यातल्या स्टुलावरून मुलीचे वडील म्हणाले. ते बस चालवत. मुलीचा दात काढताना बघवणार नाही म्हणून त्यांनी आल्याआल्या तोंड भिंतीकडे केले होते. आता ते वळले होते.

शेजारच्या खोलीतून धाकट्या डॉक्टर दारात आल्या, हातमोजे घातलेले दोन्ही हात वर धरून. त्या मोठ्या डॉक्टरांच्या कन्या. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात चार वर्षे काढून सहा महिन्यांपूर्वी वडिलांच्या दवाखान्यात परतल्या होत्या.

"काय झालं?"

"माझ्या हातून ट्रे पडला, ताई."

"तुमच्या हातून?" त्यांनी फरशीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "मावशी, बरं आहे ना तुम्हाला? चक्कर वगैरे?"

"छे, हो."

"पडलेलं काही वापरायचं नाही. दुसरी पक्कड?"

"वाफेच्या यंत्रात आहे. अजून अठरा मिनिटं लागतील."

"मग अठरा मिनिटं थांबू," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि इतका वेळ पसरलेला तळवा त्यांनी तेव्हा कुठे मिटला.

सगळे तिला सिस्टर म्हणत, तरी ती नर्सिंग शिकलेली नव्हती. अठरा वर्षांपूर्वी इथे झाडलोट करायला लागली, आणि मोठ्या डॉक्टरांनी एकेक अवजार हातात देऊन तिला त्याचे नाव, काम आणि जागा शिकवली. आता त्यांनी तळवा पसरला की काय हवे ते बोलावे लागत नसे. मधल्या काळात तिच्या हातून कधी काही पडले नव्हते.

मुलीला तारा बसवायच्या होत्या. त्याआधी वरचे दोन दात काढून जागा करायची होती. तारांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिले होते, वरचे दोन्ही बाजूंचे चौथे. चौथा म्हणजे समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेले की येतो तो. फक्त या मुलीचा तिसरा दात, म्हणजे सुळा, दोन्हीकडे अजून हिरडीच्या आतच होता. दिसणाऱ्या रांगेत पहिला, दुसरा, आणि एकदम चौथा. नुसते दिसणारे दात मोजत गेले तर चार म्हणताना बोट पाचव्यावर जाते. दोन्ही दात निरोगी, दोन्ही पांढरेशुभ्र, सख्ख्या भावांसारखे दिसणारे. एकाला जायचे होते, दुसऱ्याला मुलीबरोबर म्हातारे व्हायचे होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मोठ्या डॉक्टरांची बोटे पाचव्याच्या दोन्ही बाजूंना बसली होती.

सिस्टरने फरशी पुसली, हात धुतले आणि भिंतीवरच्या पेटीचे बटण दाबले. सकाळी तिनेच पेटीवर लावून ठेवलेला एक्स-रे उजळला. मोठे डॉक्टर अलीकडे पेटी लावत नसत. तोंडच सगळं सांगतं, असे ते म्हणत.

"काय गं," सिस्टर मुलीला जरा मोठ्यानेच म्हणाली, "तुझे दोन्ही सुळे अजून आतच दडी मारून बसलेत होय?"

"हॉ," मुलगी म्हणाली. तिचा ओठ बधिर होता.

"शाळेत हजेरीला असाच उशीर करतेस का?"

"तिच्या आईवर गेलेत," वडील म्हणाले. "तयार व्हायला वेळ लागतो."

"म्हणून वरच्या रांगेत एक नंबर कमी आहे बघ. आता हा चौथा निघाला की सुळ्याला यायला वाट होईल. हा. सुळ्याला अगदी लागून आहे तो." तिने एक्स-रेवर बोट ठेवले आणि जरा वेळ तसेच ठेवले.

मोठे डॉक्टर पेटीसमोर आले. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. तिच्या बोटाकडे पाहिले, बोटाच्या शेजारच्या दाताकडे पाहिले.

"हो," ते म्हणाले. "हा."

मग ते बेसिनकडे गेले आणि हात धुऊ लागले. हातमोजे घालून काम केलेले, तरी बराच वेळ धुतले.

यंत्राचे काटे फिरत होते. वडिलांना आता गप्प बसवेना. त्यांनी मुलीला आगारातल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, तिला त्या पाठ असाव्यात. बस मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब.

"तेवीस वर्षं चालवतोय," ते म्हणाले, "पण थापेशिवाय बस तसूभर मागे घेत नाही."

"कमीपणा नाही वाटत?" सिस्टरने विचारले.

"कसला कमीपणा? मला काय पाठीला डोळे आहेत?"

बेसिनचा नळ बंद झाला.

दात अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी निघाला. चौथाच. दुसऱ्या बाजूचा गुरुवारी काढायचे ठरले. सुई देण्याआधी मोठ्या डॉक्टरांनी मुलीला नेहमीचे वाक्य ऐकवले होते. एक्केचाळीस वर्षं झाली बाळा, चुकीचा दात एकही काढलेला नाही. एरवी पेशंट निघताना ते हेच वाक्य पुन्हा एकदा म्हणत. त्या दिवशी त्यांनी नुसते मुलीच्या डोक्यावर थोपटले.

*

कापसाच्या बोळ्याची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

सुरुवातीला बोळा फक्त थुंकी टिपायला होता. डॉक्टर येण्याआधी सिस्टर पेशंटला बसवायची, तोंड उघडायला लावायची आणि काढायच्या दाताशेजारी एक बोळा ठेवायची. तीन-चार वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आले की मोठे डॉक्टर आल्याआल्या आरसा घेऊन शोधत नाहीत. सरळ बोळ्यापाशी जातात. त्यानंतर ती रोज सकाळी पेशंट येण्याआधी एकेक एक्स-रे पाहू लागली. नंबर कसे मोजायचे ते त्यांनीच तिला शिकवलेले होते. चार वेळा असे झाले की बोळा तिथे नसता, तर दुसरा दात निघाला असता. एक शिंपी होता, एक शाळेतल्या बाई, दोघे आणखी. त्या चौघांना हे माहीत नव्हते. मोठ्या डॉक्टरांना माहीत होते की नाही, हे तिलाही माहीत नव्हते.

धाकट्या डॉक्टर आल्यावर बऱ्याच गोष्टी सुधारल्या. सुया टाकायला जाड पिवळा डबा आला. वाफेच्या यंत्राची दर आठवड्याला चाचणी होऊ लागली. प्रत्येक अवजार सीलबंद पाकिटात जाऊ लागले आणि पाकिटाच्या कडेच्या पट्टीचा रंग बदलला नसेल तर ते परत यंत्रात जाऊ लागले. दीड महिन्यापूर्वी कापसाचा उघडा डबाही गेला. आता बोळे त्याच पाकिटात येत, आणि पाकीट डॉक्टरांनी खुर्चीशी बसल्यावर उघडायचे. त्यांच्याआधी कुणाचा हात पेशंटच्या तोंडात जाता कामा नये.

नियम चुकीचा नव्हता. सिस्टरला तो पटलाही होता. उघड्या डब्यातला कापूस तिच्या स्वतःच्या मुलीच्या तोंडात कुणी घातलेला तिला चालला नसता.

त्याच सुमारास काउंटरवर एक वही आली. वर चिठ्ठी चिकटवलेली, 'थोडक्यात टळलेले प्रसंग'. काही चुकता चुकता राहिले तर ज्याने पाहिले त्याने लिहायचे, कुणाचे नाव घ्यायचे नाही, कुणाला रागवायचे नाही, असे धाकट्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितले. काउंटरवरच्या बाईंनी त्याच दिवशी तिचे नाव चुगली-वही ठेवले. दीड महिन्यात तिच्यात एकच ओळ आली होती, 'पंख्याला तेल घाला'. तीही काउंटरवरच्या बाईंचीच.

सोमवारी दुपारी दोन वाजता, दवाखाना जेवणासाठी बंद झाल्यावर, वहीत पहिली खरी नोंद झाली. धाकट्या डॉक्टरांनी ती लिहिली आणि सिस्टरला वाचूनही दाखवली, तिच्या मागे लिहिले असे वाटू नये म्हणून.

"'मदतनिसाचे कोपर लागून ट्रे पडला. दुखापत नाही. पेशंटला अठरा मिनिटे थांबावे लागले. कारण, ट्रेची जागा अडचणीची. उपाय, ट्रे खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला, डॉक्टरांच्या हाताशी हलवणे.' बरोबर आहे ना, मावशी? तुमची चूक म्हणून नाही हं लिहिलं. जागेची चूक आहे."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाली.

"अठरा वर्षं त्या कोपऱ्यात कशा उभ्या राहिलात, कमाल आहे."

सिस्टरने डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तो तसाच डब्यात ठेवून झाकण लावले.

मंगळवारी ट्रे हलला. पक्कड आता मोठे डॉक्टर स्वतःच उचलत. तळवा मागे पसरायची सवय जात नव्हती. दोनदा पसरला, दोनदा त्यांनी तो स्वतःच परत नेला. सिस्टर खुर्चीच्या उजवीकडे उभी होती आणि आपले हात कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हते. मंगळवारी काही झाले नाही. दोन किडलेले दात होते, आंधळ्यालाही दिसले असते.

त्या संध्याकाळी तिच्या मुलीचा फोन आला. मुलीचे दिवस भरत आले होते. शुक्रवारी सकाळच्या बसने सिस्टर बाळंतपणाला जाणार होती, अडीच महिन्यांसाठी. रजा तिने तीन महिने आधीच सांगून ठेवली होती.

"आई, बॅग भरलीस का?"

"भरतेय."

"म्हणजे नाही भरली. तुझा जीव तिकडेच अडकलाय. तुझ्यावाचून लोकांचे दात पडायचे थांबणारेत का?"

"पडायचे नाही थांबत," सिस्टर म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले ते सांग. बाळाचं डोकं खाली आलं का?"

*

बुधवारी बदलीची मदतनीस काम बघायला आली. तिशीची, चटपटीत, रीतसर प्रमाणपत्र घेतलेली. सिस्टरने तिला सगळे दाखवले. यंत्रात पाकिटे उभी लावायची, एकावर एक रचायची नाहीत. सुईला परत टोपण घालायला जायचे नाही. तिसरा ड्रॉवर वर उचलून ओढायचा, नाहीतर अडकतो. बाई प्रत्येक गोष्ट छोट्या डायरीत टिपून घेत होती.

"डॉक्टरांच्या काही खास सवयी?"

"मोठे डॉक्टर चहा बिनसाखरेचा घेतात."

"आणखी?"

सिस्टरने तिसरा ड्रॉवर उघडला आणि बंद केला. आणखी सांगायचे तर 'मोठे डॉक्टर चुकतात' या वाक्यापासून सुरुवात करावी लागली असती. ते वाक्य आजवर या दवाखान्यात कुणी उच्चारले नव्हते. ज्यांनी तिला पहिला दात मोजायला शिकवला त्यांच्याबद्दल ते एका परक्या बाईच्या डायरीत जाणार होते.

"आणखी काही नाही," ती म्हणाली. "माणूस सोन्यासारखा आहे."

दुपारी दोन वाजता मोठे डॉक्टर मागच्या खोलीत पाठ टेकायला गेले. काउंटरवरच्या बाई जेवायला घरी गेल्या, बदलीच्या बाई त्यांच्याबरोबर. सिस्टर काउंटरमागे बसली आणि तिने चुगली-वही पुढे ओढली. मंगळवारीही तिने ती उघडली होती. पेन्सिलीने 'ट्रे' एवढे लिहिले होते आणि खोडले होते. खोडल्याची जागा करडी दिसत होती.

करड्या जागेच्या खाली आता चार ओळी होत्या. निळी शाई, उजवीकडे झुकलेले अक्षर. ते अक्षर तिने अठरा वर्षे औषधांच्या चिठ्ठ्यांवर पाहिले होते आणि बहुधा तिच्याइतके ते कुणालाच लागत नव्हते.

'वरील नोंद अपुरी आहे. या बाईंच्या हातून अठरा वर्षांत काही पडलेले मी पाहिलेले नाही. परवा ट्रे का पडला, ते मला त्याच वेळी समजले. पण मला फक्त परवाचे ठाऊक आहे. आधीचे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी लिहावे, ही विनंती.'

तिने ते दोनदा वाचले. 'विनंती' हा शब्द तिने बोटाने झाकला आणि पुन्हा उघडा केला. मागच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत नव्हता. एरवी दोन वाजून दहा मिनिटांनी तो यायचा.

तिने पेन्सिल बाजूला ठेवली आणि काउंटरवरचा पेन घेतला.

लिहायला तिला एक तास लागला. बोळा कधीपासून ठेवते, कुठे ठेवते, का ठेवते. शिंपी, शाळेतल्या बाई, आणखी दोघे. सोमवारची मुलगी, तिचा पाचवा दात, ट्रे. 'कोपर लागले नाही, मी ढकलला,' असे तिने लिहिले आणि त्यापुढे 'माफी असावी' लिहून ते खोडले. कारण माफी नेमकी कशाची, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने लिहिले, 'परवापासून मी नाही. नवीन बाईंना बोळा माहीत नाही. आणि बोळा आता ठेवताही येत नाही. त्याच्या जागी काहीतरी हवे.'

संध्याकाळी सहा वाजता धाकट्या डॉक्टरांनी वही वाचली. उभ्यानेच वाचायला सुरुवात केली, मग खुर्ची ओढून बसल्या. सिस्टर पलीकडे पाकिटांवर तारखा टाकत होती. तिने एकाच पाकिटावर दोनदा तारीख टाकली.

"तो बोळा मी बंद केला," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या.

"नियम बरोबर आहे तुमचा."

"नियम बरोबर आहे, पण तो बोळा काय काय काम करतोय ते मी विचारलं नाही." त्यांनी पान उलटून पुन्हा मागे आणले. "मला सांगितलं का नाहीत, मावशी? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"काय सांगायचं, ताई? तुम्ही शाळेच्या गणवेशात इथे येऊन बसायचात, तेव्हापासून ते वाक्य ऐकताय. एक्केचाळीस वर्षांचं."

"तेव्हा पंचवीस वर्षांचं होतं."

"तेच ते."

धाकट्या डॉक्टरांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलू लागले. सिस्टरला आधी वाटले, रडताहेत.

"आणि वर मी ट्रे हलवला," त्या हसत म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "तुमच्या हातात एवढं एकच उरलं होतं, तेही काढून घेतलं. आणि उपाय म्हणून वहीत लिहिलं. सुवाच्य अक्षरात."

"अक्षर छान आहे तुमचं," सिस्टर म्हणाली. "डॉक्टरांसारखं नाही."

मागच्या खोलीचे दार बंद होते. दोघींनी एकदम तिकडे पाहिले.

"बाबांशी मी बोलते."

"काय बोलणार?"

"ठाऊक नाही अजून." त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. "त्यांनी स्वतः लिहिलंय, हे मात्र विसरायला नको."

रात्री घरी बाप-लेकीत काय बोलणे झाले, ते सिस्टरला कळले नाही. गुरुवारी सकाळी ती दवाखान्यात आली तेव्हा ट्रे पूर्वीच्या जागी, खुर्चीच्या उजव्या हाताला होता. वहीत धाकट्या डॉक्टरांच्या सुवाच्य अक्षरात नवी नोंद होती.

'बोळ्याच्या जागी. पक्कड देण्याआधी मदतनीस विचारेल, कितवा दात. डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतील. पेशंट आरशात पाहून त्या दातावर बोट ठेवेल. मदतनीस, डॉक्टर आणि पेशंट, तिघांचा दात एकच ठरला तरच पक्कड द्यावी. न जुळल्यास देऊ नये, कुणीही मागितली तरी. दोन्ही डॉक्टरांना लागू.'

खाली दोन सह्या होत्या. एक सुवाच्य. दुसरी निळ्या शाईत, उजवीकडे झुकलेली.

बदलीच्या बाईने ती नोंद सकाळीच डायरीत उतरवून घेतली. "आमच्या आधीच्या ठिकाणी असं काही नव्हतं," ती म्हणाली. "डॉक्टरला विचारायचं म्हणजे... चालेल का त्यांना?"

"बघू," सिस्टर म्हणाली.

*

गुरुवारी अकरा वाजता मुलगी आली. गालाची सूज उतरली होती आणि सोमवारची भीतीही. वडिलांनी स्टूल या वेळी भिंतीकडे तोंड करून ठेवले नाही.

"आज टायर फुटणार नाही ना?" त्यांनी विचारले.

"आज स्टेपनी आहे," सिस्टर म्हणाली. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या पक्कडीचे सीलबंद पाकीट तयार होते.

मोठ्या डॉक्टरांनी सुई दिली, ओठ बधिर व्हायची वाट पाहिली. मुलीशी शाळेबद्दल बोलले, गणिताबद्दल बोलले. वाक्य म्हणाले नाहीत. धाकट्या डॉक्टरांचा पेशंट अजून आला नव्हता, त्यामुळे त्या दारात उभ्या होत्या. बदलीच्या बाई त्यांच्या मागे, डायरी बंद करून.

सिस्टरने पेटी लावली. एक्स-रे उजळला.

मोठ्या डॉक्टरांनी डाव्या हाताची बोटे मुलीच्या तोंडात नेली आणि उजवा तळवा मागे पसरला. सवयीने, न बघता.

सिस्टरने पक्कड ट्रेमधून उचलली. तळवा तिच्यापासून वीतभर दूर होता. अठरा वर्षांत या खुर्चीपाशी तिने त्यांना कधी प्रश्न विचारला नव्हता. पेशंटचे नाव, पुढची तारीख, चहा, एवढेच.

"डॉक्टर," ती म्हणाली. "कितवा?"

तळवा होता तिथेच राहिला. कोपऱ्यात स्टूल करकरले.

मोठ्या डॉक्टरांनी बोटे बाहेर काढली. मुलीच्या हातात आरसा दिला. मग उठून पेटीसमोर गेले, चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, आणि हातमोज्याचे बोट एक्स-रेवर मधल्या दातापाशी ठेवले.

"एक," ते म्हणाले. बोट पुढे सरकले. "दोन."

पुढे हिरडीच्या वर, हाडाच्या आत तिरका झोपलेला सुळा होता. बोट वळून वर गेले आणि त्याच्यावर थांबले. खुर्चीत मुलीने आरसा तोंडासमोर धरला होता. तिचे बोटही दातांजवळ येऊन अधांतरी थांबले होते. ती त्यांच्या पुढच्या आकड्याची वाट पाहत होती.

गुरुवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी मोठ्या डॉक्टरांचे बोट अजून सुळ्यावर होते. पक्कड सिस्टरच्या हातात होती.